बहुमितीय फलनांचे संख्यात्मक आसन्नीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फलनाचे आसन्नीकरण करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

एखादे फलन मोजायला महाग असते, किंवा त्याचे सूत्रच हाती नसते. ठरावीक बिंदूंवर त्याची मूल्ये मात्र काढता येतात. अशा मोजक्या मूल्यांवरून दुसरे, चटकन मोजता येणारे फलन रचायचे आणि ज्या क्षेत्रात आपल्याला रस आहे तेथे दोघांमधला फरक आधी ठरवलेल्या मर्यादेत ठेवायचा, याला आसन्नीकरण म्हणतात. लॉगरिदमच्या कोष्टकातील दोन ओळींमधले मूल्य अंदाजाने काढण्याची जुनी रीत हे त्याचेच साधे उदाहरण आहे.

येथे ‘मिती’ म्हणजे स्वतंत्र चलांची संख्या. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येकाचे स्थान सांगायला तीन अंक लागतात, म्हणून त्याचे तरंगफलन सहा मितींचे होते. पाण्याच्या एका रेणूत दहा इलेक्ट्रॉन आहेत. तेथे मिती थेट ३० वर जातात. भूमिती डोळ्यांसमोर आणण्याचा प्रयत्न येथे सोडून द्यावा आणि ‘३० रकान्यांचा एक तक्ता’ असे मनाशी धरावे, म्हणजे पुढचे बरेच सोपे जाते.

मूळ फलन संगणकावर मोजता येत असेल, तर त्याची नक्कल कशासाठी?

कारण ते एकदा मोजून भागत नाही. एखाद्या यंत्रभागावरील ताण काढणारे सिम्युलेशन एका वेळी दोन तास घेत असेल, तर ते शंभर वेळा चालवणे शक्य आहे. पण सर्वोत्तम आकार शोधायचा, अनिश्चिततेचा अंदाज घ्यायचा किंवा यंत्र चालू असताना निर्णय घ्यायचा, तर तेच मूल्य लाखो वेळा लागते. शंभर वेळा चालवून एक बदली मॉडेल तयार करायचे आणि लाखो प्रश्न त्याला विचारायचे, असा हा व्यवहार आहे. अभियंते याला सरोगेट मॉडेल म्हणतात.

मिती वाढल्याने असे काय बिघडते?

‘मितींचा शाप’ हा शब्दप्रयोग रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात इष्टतम नियंत्रणाच्या प्रश्नांवर काम करताना रूढ केला. त्यामागचा हिशेब शाळकरी आहे. प्रत्येक चलाच्या अक्षावर फक्त १० बिंदू घेऊन जाळी आखली, तर दोन चलांसाठी १०० बिंदू होतात, तीन चलांसाठी १,०००, आणि दहा चलांसाठी १,००० कोटी. प्रत्येक मूल्याला ८ बाइट धरले तरी ती नुसती साठवायला ८० गिगाबाइट जागा लागते. वीस चलांच्या जाळीत १ वर २० शून्ये इतके बिंदू असतात. सेकंदाला १०० कोटी मूल्ये काढणारे यंत्र मिळाले तरी काम संपायला तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील. यंत्र हजार पटींनी वेगवान केले, तर याच अवधीत आणखी फक्त तीन चल पदरात पडतात.

पण बिंदूंची संख्या ही शापाची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी, की उच्च मितींत आपली अंतःप्रेरणाच चुकीचे सांगू लागते. चौरसात बसवलेले वर्तुळ चौरसाचे ७८.५ टक्के क्षेत्रफळ व्यापते, घनात बसवलेला गोल ५२.४ टक्के, दहा मितींत हेच प्रमाण ०.२५ टक्क्यांवर येते. ‘मध्याच्या आसपासचा भाग’ असे आपण ज्याला म्हणतो तेथे जवळजवळ काहीच उरत नाही आणि सगळे घनफळ कोपऱ्यांकडे सरकते. ५० मितींच्या घनाच्या प्रत्येक बाजूकडून ५ टक्के जाडीची साल काढली, तर आत ०.९ चा ५० वा घात, म्हणजे सुमारे अर्धा टक्का गर राहतो. बाकी सगळी सालच.

अंतरांचेही तसेच. एकक चौरसात यादृच्छिकपणे दोन बिंदू घेतले तर त्यांच्यातील सरासरी अंतर सुमारे ०.५२ असते आणि प्रमाण विचलन सुमारे ०.२५, म्हणजे काही जोड्या खरोखर जवळ आणि काही खरोखर दूर असतात. १०० मितींच्या घनात सरासरी अंतर ४ च्या थोडे वर जाते, विचलन मात्र ०.२४ च्या आसपासच राहते. सगळेच बिंदू एकमेकांपासून जवळपास सारख्याच अंतरावर! ‘जवळच्या बिंदूचे मूल्य घ्या’ या तत्त्वावर उभ्या असलेल्या पद्धती येथे का लंगड्या पडतात, ते यावरून कळावे.

फलन पुरेसे गुळगुळीत असेल, तर हा शाप टळतो ना?

थोडा सैल होतो, टळत नाही. फलनाला ‘स’ क्रमापर्यंतचे मर्यादित अवकलज असतील आणि मिती ‘म’ असतील, तर ‘न’ नमुन्यांवर उत्तमात उत्तम पद्धतीची त्रुटी साधारणपणे ‘न’च्या उणे स/म या घाताप्रमाणे कमी होते. म्हणजे मिती दुप्पट झाल्या तर तोच वेग राखायला गुळगुळीतपणाही दुप्पट लागतो.

मग अनंत वेळा अवकलन करता येणारी फलने घेतली तर? २००९ साली एरिख नोव्हाक आणि हेन्रिक वोझ्नियाकोव्स्की यांनी याचे उत्तर दिले, आणि ते बऱ्याच जणांना अनपेक्षित होते. एकक घनावरील ज्या फलनांचे सर्व क्रमांचे सर्व अवकलज १ च्या आत आहेत अशा, म्हणजे अत्यंत सोज्वळ फलनांच्या संपूर्ण वर्गासाठीसुद्धा १ पेक्षा कमी त्रुटीची हमी हवी असेल, तर किमान २ चा (म/२) वा घात इतके नमुने लागतात. १०० चलांसाठी ही संख्या २ चा ५० वा घात, म्हणजे १,१२५ लाख कोटींहून अधिक भरते. त्रुटी १ पेक्षा कमी म्हणजे काही विशेष नव्हे. सगळीकडे शून्य उत्तर देणारे फलनसुद्धा येथे १ इतकी त्रुटी साधते. तेव्हा नुसत्या गुळगुळीतपणाच्या भरवशावर राहू नये.

तरीही शेकडो चलांची फलने रोज हाताळली जातात. ती कशी?

वरचे निष्कर्ष फलनांच्या संपूर्ण वर्गाविषयी, म्हणजे त्यांतील सर्वांत वाईट फलनाविषयी आहेत. प्रत्यक्षात समोर येणारी फलने बहुधा तशी नसतात, कारण ती कुठल्या तरी भौतिक, आर्थिक किंवा सांख्यिकी प्रक्रियेतून आलेली असतात आणि त्या प्रक्रियेची घडण त्यांच्यात उतरलेली असते. शंभरांपैकी पाचच चल प्रभावी असतात. किंवा चल एका वेळी दोन-दोनच एकमेकांत गुंततात. किंवा सगळा बदल काही मोजक्या दिशांनीच होतो. किंवा योग्य आधारफलनांत (ज्यांच्या बेरजेतून फलन रचले जाते अशा ठरावीक फलनांत) मांडले तर बहुतेक सहगुणक शून्याजवळ येतात.

माझ्या मते या विषयातील प्रत्येक पद्धत ही अशा कुठल्या तरी घडणीवर लावलेली पैज आहे. पुढे येणाऱ्या पद्धतींपैकी विरळ जाळी मिश्र अवकलजांवर (म्हणजे अनेक चलांनुसार एकापाठोपाठ घेतलेल्या अवकलजांवर) पैज लावते, टेन्सर ट्रेन कमी रँकवर, न्यूरल नेटवर्क संयुक्त रचनेवर, म्हणजे फलनाच्या आत फलन अशा घडणीवर. ‘सर्वांत चांगली पद्धत कोणती’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. आपल्या फलनाची घडण कोणती आणि ही पद्धत नेमकी तीच गृहीत धरते का, असे विचारले तर उत्तर मिळते. जेथे कसलीच घडण नाही तेथे कोणतीही पद्धत चालत नाही, आणि तसा दावा कोणी केलाच तर त्याने गुपचूप काहीतरी गृहीत धरलेले असते.

एका चलासाठी समान अंतरावरचे बिंदू घेऊ नयेत असे का सांगतात?

हा प्रश्न एका मितीचा असला तरी तेथील चूक प्रत्येक मितीत गुणली जाते, म्हणून त्याला येथे जागा आहे. १९०१ साली कार्ल रुंगे यांनी १ भागिले (१ + २५ क्ष²) हे अगदी निरुपद्रवी दिसणारे फलन उणे १ ते १ या अंतरात घेतले. समान अंतरावरील ११ बिंदूंतून जाणारी दहाव्या घाताची बहुपदी काढली, तर कडांजवळ त्रुटी १.९ पर्यंत जाते. फलनाचे कमाल मूल्यच १ आहे हे ध्यानात घ्यावे. बिंदू वाढवून २१ केले तर त्रुटी कमी होण्याऐवजी ६० च्या घरात पोहोचते.

तेच ११ बिंदू कडांकडे दाट आणि मध्ये विरळ असे, चेबिशेव्ह यांच्या सूत्राने मांडले तर त्रुटी ०.११ होते, आणि २१ बिंदूंना ०.०१५. फलन तेच, बहुपदीचा घात तोच. बिंदू तेवढे हलवले.

बहुमितीय बहुपदी वापरता येतात का?

येतात, पण कोणती पदे ठेवायची हे ठरवावे लागते. वीस चलांमध्ये प्रत्येक चलाचा घात ३ पर्यंत जाऊ दिला, तर पदांची संख्या ४ चा २० वा घात, म्हणजे १ लाख कोटींच्या वर जाते. त्याऐवजी सर्व चलांच्या घातांची बेरीज ३ च्या आत ठेवली, तर केवळ १,७७१ पदे उरतात. बेरीज ५ पर्यंत नेली तर ५३,१३०. मधला मार्ग म्हणजे ‘अतिपरवलयी छेद’: यात घातांच्या बेरजेऐवजी गुणाकारावर मर्यादा असते, त्यामुळे एकेका चलाचे उच्च घात राहतात आणि अनेक चलांचे एकत्र उच्च घात गळतात.

सहगुणक काढण्यासाठी अंतर्वेशनाऐवजी (सर्व नमुन्यांतून तंतोतंत जाणाऱ्या फलनाऐवजी) लघुतम वर्ग पद्धत, म्हणजे त्रुटींच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी पद्धत बरी, कारण मूल्यांत थोडा गोंगाट असला तरी ती सांभाळून घेते. मात्र नमुने कुठे घ्यायचे हा मुद्दा येथेही आहे. घनात एकसमान यादृच्छिक बिंदू घेऊन लजांड्र बहुपदी बसवायच्या झाल्या तर हमीसाठी नमुन्यांची संख्या पदसंख्येच्या वर्गाइतकी लागू शकते. तेच बिंदू योग्य वितरणातून आणि योग्य भार देऊन घेतले तर पदसंख्या गुणिले तिचा लॉगरिदम इतक्यात भागते. १,७७१ पदांसाठी पहिला आकडा ३१ लाखांवर जातो आणि दुसरा १३ हजारांच्या आसपास येतो. अर्थात दोन्ही ठिकाणी पुढचा स्थिरांक वेगळा. दोन तासांच्या सिम्युलेशनला हा फरक सोसण्यासारखा नाही.

सहगुणकांपैकी बहुतेक नगण्य असतील अशी रास्त अपेक्षा असेल, तर पदांपेक्षाही कमी नमुन्यांवर काम होऊ शकते. २००६ च्या सुमारास कँडेस, रोमबर्ग, ताओ आणि डोनोहो यांच्या कामातून पुढे आलेले ‘संपीडित संवेदन’ याच कल्पनेवर उभे आहे.

विरळ जाळी म्हणजे काय?

१९६३ साली सेर्गेई स्मोल्याक यांनी मांडलेली कल्पना अशी: पूर्ण जाळीतील बहुतेक बिंदू हे ‘प्रत्येक दिशेने एकाच वेळी बारीक’ अशा स्तरांतून येतात, आणि फलनाचे मिश्र अवकलज मर्यादित असतील तर त्या स्तरांचा अचूकतेला हातभार नगण्य असतो. म्हणून एका दिशेने बारीक आणि बाकीच्या दिशांनी जाडसर अशा अनेक छोट्या जाळ्या घेऊन त्या अधिक-उणे चिन्हांनी एकत्र केल्या जातात.

दोन चलांत प्रत्येक अक्षावर ५ बिंदू घेतले तर पूर्ण जाळी २५ बिंदूंची होते आणि त्याच पातळीची विरळ जाळी १३ बिंदूंची. कागदावर काढून पाहिली तर मधून जाणारा एक क्रूस आणि चार कोपरे असा आकार दिसतो. बचत फारशी नाही. दहा चलांत मात्र अक्षावर ९ बिंदूंच्या पातळीला पूर्ण जाळी ३४८ कोटींच्या वर जाते आणि विरळ जाळी १,५८१ वर थांबते.

मिश्र अवकलज मर्यादित नसतील तर हा सगळा डोलारा कोसळतो. चलांच्या अक्षांना तिरकी जाणारी एखादी तीव्र पायरी फलनात असेल तर विरळ जाळी ती पाहूच शकत नाही, कारण तिचे बिंदू अक्षांच्या बाजूने मांडलेले असतात. शिवाय जोडणीत काही भार ऋण असतात, त्यामुळे कधीही ऋण न होणाऱ्या फलनाचे आसन्न मूल्य ऋण निघू शकते. संभाव्यता किंवा घनता यांसारख्या राशींच्या बाबतीत हे तपासून घ्यावे.

मला पूर्ण फलन नको, फक्त त्याची सरासरी हवी आहे. तरी एवढी यातायात करावी लागते का?

नाही, आणि हे सुरुवातीलाच ओळखले तर बराच वेळ वाचतो. सरासरी म्हणजे समाकलन, आणि त्यासाठी मॉन्टे कार्लो पद्धत आहे. निकोलस मेट्रोपोलिस आणि स्टॅनिस्लाव उलाम यांचा या नावाचा लेख १९४९ साली प्रसिद्ध झाला. यादृच्छिक बिंदूंवर फलन मोजा आणि सरासरी घ्या. त्रुटी नमुनासंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि त्या घटण्याच्या वेगात मितींचा उल्लेखच नाही. किंमत अशी, की उत्तरात आणखी एक दशांश स्थळ बरोबर हवे असेल तर नमुने शंभरपट करावे लागतात.

यादृच्छिक बिंदूंमध्ये नको तेथे पुंजके आणि नको तेथे पोकळ्या राहतात. सोबोल, हॉल्टन, नीडररायटर यांनी रचलेल्या क्रमिकांत बिंदू मुद्दाम समान पसरलेले असतात, आणि त्यांवर आधारलेल्या क्वासी मॉन्टे कार्लो पद्धतीत त्रुटी जवळजवळ नमुनासंख्येच्या व्यस्त प्रमाणात घटू शकते. त्या सूत्रात नमुनासंख्येच्या लॉगरिदमचा ‘म’ वा घात गुणलेला असतो, आणि उच्च मितींत तो इतका मोठा होतो की व्यवहारात येणाऱ्या कोणत्याही नमुनासंख्येला हे सूत्र काहीच हमी देत नाही. तरीसुद्धा स्पासिमीर पास्कोव्ह आणि जोसेफ ट्रॉब यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या कामात गृहकर्जांवर आधारित रोख्याच्या मूल्यांकनातील ३६० मितींच्या समाकलनाला ही पद्धत साध्या मॉन्टे कार्लोपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. सिद्धांत मागे पडला होता आणि व्यवहार पुढे गेला होता. पुढे दिलेले स्पष्टीकरण असे, की ३६० चल असले तरी फलनाचा बहुतेक बदल थोड्या चलांतून किंवा थोड्या चलांच्या एकत्रित परिणामांतून येत होता. म्हणजे ‘प्रभावी मिती’ लहान होती. पुन्हा घडणच.

टेन्सर ट्रेन ही पद्धत समजेल अशा उदाहरणाने सांगता येईल का?

वीस चलांच्या बेरजेचा साइन हे फलन घ्या. प्रत्येक अक्षावर १० बिंदू घेतले तर पूर्ण तक्त्यात १ वर २० शून्ये इतक्या नोंदी येतात, हे वर पाहिलेच. आता शाळेतले सूत्र आठवा: साइन (अ + ब) = साइन अ × कोसाइन ब + कोसाइन अ × साइन ब. म्हणजे पहिला चल बाकीच्या एकोणीस चलांपासून अलग करायला फक्त दोन गुणाकारांची बेरीज पुरते. उरलेल्या एकोणिसांतून पुढचा चल काढायलाही दोनच. असे करत गेले तर सगळे फलन एका साखळीत बसते: प्रत्येक चलासाठी एक छोटा डबा, आणि दोन डब्यांमधल्या जोडाची रुंदी २. मधल्या अठरा डब्यांत प्रत्येकी २ × १० × २ = ४० अंक आणि टोकाच्या दोन डब्यांत प्रत्येकी २० अंक, असे एकूण ७६० अंक झाले. एवढ्यात तो अख्खा तक्ता मावला, आणि तोही कसलीही त्रुटी न येता.

जोडाच्या या रुंदीला रँक म्हणतात. ‘टेन्सर ट्रेन’ हे नाव आणि तिची आजची मांडणी इव्हान ओसेलेडेट्स यांच्या २०११ च्या लेखातून सर्वपरिचित झाली. क्वांटम भौतिकीत हीच रचना आधीपासून दुसऱ्या नावाने वापरात होती. साठवणुकीचा खर्च मिती गुणिले बिंदू गुणिले रँकचा वर्ग इतका असल्याने मिती वाढल्या तरी तो सरळ रेषेत वाढतो. पूर्ण तक्ता आधी तयार करण्याचीही गरज नसते: निवडक ओळी आणि स्तंभ मोजून बाकीचे भरून काढणारी ‘क्रॉस’ पद्धत आहे.

अडचण अर्थातच रँकमध्ये आहे. ती लहान राहील याची शाश्वती नसते, आणि चलांचा क्रम बदलला तर बदलते. एकमेकांशी घट्ट गुंतलेले चल साखळीत दूरदूर ठेवले, तर मधल्या प्रत्येक जोडातून ती गुंतागुंत वाहून न्यावी लागते आणि रँक फुगते. म्हणून क्रम ठरवण्यावर खर्च केलेला वेळ वाया जात नाही.

गॉसियन प्रक्रिया आणि त्रिज्यीय आधारफलने कधी वापरावीत?

नमुने मोजके (काही शे), मिती मध्यम (दहाच्या आसपास) आणि प्रत्येक नमुना महाग असेल तेव्हा. दोन्हींत नव्या बिंदूवरचा अंदाज नमुन्यांपासूनच्या त्याच्या अंतरांवरून ठरतो, आणि किती अंतरापर्यंत नमुन्याचा प्रभाव पोहोचतो हे ‘लांबीमापक’ सांगते. या पद्धतींना जाळी लागत नाही, बिंदू कुठेही विखुरलेले चालतात. या कल्पनेचा उगम खाणकामात आहे: दक्षिण आफ्रिकेतील अभियंते डॅनी क्रिग यांनी १९५१ च्या सुमारास सोन्याच्या साठ्यांचा अंदाज विखुरलेल्या छिद्रांवरून घेण्याची पद्धत सुचवली, आणि त्यांच्या नावावरून ती ‘क्रिगिंग’ झाली. प्रत्येक अंदाजासोबत त्याची अनिश्चितताही मिळते, त्यामुळे पुढचा नमुना कुठे घ्यायचा हे ठरवता येते. नमुने १०,००० झाले की त्यांच्या जोड्यांमधले संबंध नोंदवणारा आव्यूह (संख्यांचा तक्ता) १० कोटी नोंदींचा होतो आणि गणनेचा खर्च नमुनासंख्येच्या घनाप्रमाणे वाढतो. तेथून पुढे युक्त्या लागतात.

एक सूचना स्वानुभवाची. मी सहा चलांचे असे मॉडेल रचले होते. पाच चल ० ते १ मध्ये होते आणि सहावा, दाब, पास्कलमध्ये, म्हणजे लाखांच्या घरात. सगळ्यांना एकच लांबीमापक दिलेला. अंतर मोजताना दाबापुढे बाकीच्या पाचांना काही किंमतच उरली नाही, आणि मॉडेल निमूटपणे एकाच चलाचे फलन होऊन बसले. सरासरी त्रुटी फारशी वाईट दिसत नव्हती, त्यामुळे दोन दिवस ध्यानात आले नाही. शेवटी एकेक चल बदलून आलेख काढले, तेव्हा पाच आलेख आडव्या रेषा निघाल्या. सर्व चल आधी समान पट्ट्यात आणावेत, आणि प्रत्येकाला वेगळे लांबीमापक द्यावे.

न्यूरल नेटवर्कने मितींचा शाप मोडला असे म्हणतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. १९८९ च्या सुमारास सायबेन्को, तसेच हॉर्निक आणि सहकारी यांनी दाखवले की एकच आतला थर असलेले नेटवर्क कोणत्याही संतत फलनाच्या हवे तितके जवळ जाऊ शकते. हे ऐकून भारावून जाण्याचे कारण नाही. बहुपदींबद्दल वायरश्ट्रास यांनी हेच १८८५ मध्ये सिद्ध केले होते. ‘जाऊ शकते’ यात किती न्यूरॉन लागतील ते सांगितलेले नाही.

अधिक मोलाचा निष्कर्ष अँड्र्यू बॅरन यांचा, १९९३ चा. फलनाच्या फूरिए रूपांतरावर (लहरींमध्ये केलेल्या विघटनावर) एक विशिष्ट अट घातली, तर ‘न’ न्यूरॉनच्या नेटवर्कची वर्गित त्रुटी १/न या वेगाने कमी होते, मिती कितीही असोत. ठरावीक आधारफलने वापरणाऱ्या कोणत्याही रेषीय पद्धतीला त्याच वर्गावर हे साधत नाही. परंतु त्या अटीतील स्थिरांक स्वतःच मितींबरोबर घातांकी वेगाने वाढू शकतो, आणि मग शाप दारातून हाकलला तरी खिडकीतून परत येतो. शिवाय चांगले नेटवर्क अस्तित्वात असणे वेगळे आणि प्रशिक्षणाने ते सापडणे वेगळे.

तरीही काही ठिकाणी यश निर्विवाद आहे. जिएचुन हान, आर्नुल्फ येंट्झेन आणि वाइनान ई यांनी २०१८ साली १०० मितींची काही आंशिक अवकल समीकरणे नेटवर्कच्या साहाय्याने सोडवून दाखवली. जाळीच्या पद्धतींना ही मिती विचारातही घेता येत नाही. मात्र त्यांतील अचूकता टक्क्याच्या पातळीची होती. दहा दशांश स्थळे हवी असतील तर नेटवर्ककडे जाऊ नये. कमी मितींत आणि गुळगुळीत फलनासाठी चेबिशेव्ह बहुपदी ते काम क्षणात करतात.

कोल्मोगोरोव्ह यांच्या प्रमेयानुसार प्रत्येक बहुचल फलन एका चलाच्या फलनांतून रचता येते. मग प्रश्नच सुटला की!

प्रमेय खरे आहे. १९५७ साली आंद्रेई कोल्मोगोरोव्ह आणि व्लादिमीर अर्नोल्ड यांच्या कामातून सिद्ध झाले की ‘म’ चलांचे कोणतेही संतत फलन एका चलाच्या फलनांची बेरीज आणि संयोग यांतून तंतोतंत मांडता येते. बाहेरची फलने २म + १ पुरतात. अनेक चलांची फलने कमी चलांच्या फलनांतून रचता येतात का, या आशयाच्या गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या तेराव्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळाले. पण ती एका चलाची फलने इतकी खडबडीत असतात की त्यांचेच आसन्नीकरण करणे दुरापास्त होते. अवघडपणा मितींतून काढून खडबडीतपणात भरला, एवढेच झाले. या प्रमेयावरून नाव घेतलेली नेटवर्क २०२४ पासून चर्चेत आहेत, मात्र ती गुळगुळीत फलने आणि अनेक थर वापरतात, म्हणजे मूळ प्रमेयाची हमी त्यांना लागू होत नाही.

कोणते चल महत्त्वाचे आहेत हे आधी कळू शकते का?

बऱ्याचदा कळते. सोबोल निर्देशांक फलनाच्या एकूण बदलापैकी किती वाटा एकट्या चलाचा आणि किती चलांच्या परस्पर गुंत्याचा आहे ते सांगतात. ग्रेडियंट (प्रत्येक चलानुसार बदलाचे दर) उपलब्ध असतील तर त्यांच्या सरासरी आव्यूहाची आयगेन मूल्ये, म्हणजे एकेका दिशेने बदल किती हे सांगणारे अंक, काढावीत; पहिली दोन-तीनच मोठी असतील तर फलन त्या दोन-तीन दिशांनीच बदलते आणि काम तेवढ्या मितींचे उरते. या दिशा अक्षांना समांतर असण्याची गरज नसते, हा याचा सोबोल निर्देशांकांवरचा फायदा आहे.

त्रुटी किती आहे हे कसे तपासावे?

ज्या बिंदूंवर मॉडेल बसवले त्यांवर नव्हे. वेगळे ठेवलेले, स्वतंत्रपणे निवडलेले बिंदू घ्यावेत, आणि सरासरी त्रुटीबरोबर कमाल त्रुटीही पाहावी. उच्च मितींत कमाल त्रुटीचा नुसता नमुन्यांवरून घेतलेला अंदाज नेहमी आशावादी असतो, कारण वाईट कोपऱ्यापर्यंत एकही बिंदू पोहोचलेला नसतो. वीस मितींच्या घनाला १० लाखांहून अधिक कोपरे आहेत. म्हणून त्रुटी सर्वाधिक असेल असा बिंदू शोधण्यासाठी मुद्दाम इष्टतमीकरण चालवून पाहावे. नमुने दुप्पट करत त्रुटीचा आलेख लॉगरिदमी पट्ट्यांवर काढणे ही माझी आवडती तपासणी आहे: उतार सिद्धांतापेक्षा खूपच कमी निघाला तर गृहीत धरलेली घडण फलनात नाही, किंवा प्रोग्राममध्ये चूक आहे.

क्षेत्राबाहेर हे मॉडेल वापरता येईल का?

नाही. अंतर्वेशन आणि बाह्यवेशन यांतला फरक एका मितीत डोळ्यांना दिसतो. तीस मितींत प्रत्येक चल आपापल्या मर्यादेत असूनही बिंदू नमुन्यांच्या ढगापासून फार दूर असू शकतो.

आसन्नीकरण करूच नये अशी वेळ येते का?

येते. मूल्ये एकूण पन्नासच हवी असतील तर मूळ फलनच पन्नास वेळा चालवावे. फक्त सरासरी हवी असेल तर मॉन्टे कार्लो पुरेसे आहे. फक्त कमाल मूल्य हवे असेल तर सगळ्या क्षेत्रात अचूक मॉडेल बांधणे म्हणजे निकालाशी संबंध नसलेल्या भागावर खर्च करणे. तेथे शोध आणि मॉडेल एकाच वेळी पुढे नेणाऱ्या पद्धती वापराव्यात. आणि फलनात पायऱ्या किंवा घड्या असतील, उदाहरणार्थ एखादी झडप ठरावीक दाबाला उघडत असेल, तर सगळ्या क्षेत्रावर एकच मॉडेल न ताणता झडप उघडी आणि झडप बंद अशी दोन स्वतंत्र मॉडेल करावीत, आणि कोणते केव्हा लावायचे ते दाबावरून ठरवावे.